धाकट्या गौरीचा डावा डोळा

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी बारामतीच्या मंडईत माझ्या पुढं उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यावरची कापडी पिशवी माझ्याकडं बघत होती. सिद्धेश्वराला बेल वाहून मी तशीच रताळी घ्यायला आले होते, पोटात सकाळच्या दोन घोट दुधाशिवाय काही नव्हतं, म्हणून आधी वाटलं भोवळ आली. पिशवीवर एक बाई छापलेली होती. हिरवं लुगडं, कमरेला आसूड, कपाळभर मळवट, आणि पायांत मात्र हल्लीच्या मुली घालतात तसले जाड तळव्याचे बूट. हसावं की हात जोडावेत कळू नये अशी. बघत होती ती डाव्या डोळ्यानं. त्या डोळ्याची खालची रेघ बाहेरच्या कोपऱ्यापाशी येऊन थांबली होती. वरच्या रेघेला भेटायला जवाएवढी जागा राहिली होती, आणि त्या जागेतून तिचं बघणं बाहेर सांडत होतं. ती जागा मला ठाऊक होती. तेवीस वर्षं मी ती दर भाद्रपदात माझ्या हातानं ठेवत आलेय. "पिशवी कुठं घेतली गं?" मी विचारलं. मुलगी वळली, खूश झाली. "ऑनलाइन, मावशी. गेममधलं कॅरेक्टर आहे हे. स्वरूपाचं. फेमस आहे ती. आपल्या बारामतीचीच आहे." बारामतीची नव्हे, कळसची, इंदापूर तालुका, माझ्या धाकट्या दिराची मुलगी, माझ्या मांडीवर वाढलेली, असं सगळं तोंडाशी आलं. मुलीनं विचारलं, "तुम्ही ओळखता?" मी म्हणाले, "नाही." आणि रताळी निवडायला लागले. देवळाचा अंगारा अजून कपाळावर ओला होता.

घरी आले, पाय धुतले, तुळशीपुढं तेहतीस गोपद्मं काढली. चातुर्मासाचा नेम आहे माझा, गाईची पावलं रांगोळीनं मोजून तेहतीस काढायची, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या दिवशी चौतीस झाली. एक पुसलं तर बत्तीसच दिसायला लागली. असं कधी होत नाही. लोक म्हणतात संजीवनीबाईंचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, आणि खरंच जात नाही, मला मोठ्यानं बोलायची सवयच लागली नाही. रोज आंघोळीपासून पूजा संपेपर्यंत तर मी तोंडच उघडत नाही. आमचे हे, गोकुळराव, पाहुण्यांना सांगतात, "आमच्या घरात सकाळी दोन तास शांतता असते, मग दिवसभर आणखी शांतता." लोक हसतात. मीही हसते. आतमध्ये काय चालतं ते विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. सोमवार, संकष्टी, एकादशी, गोपद्म, मौन एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या आत तुपाच्या निरांजनासारखं काहीतरी शांत जळत असणार, असंच धरून चालतात. त्या दुपारी जेवणाच्या वेळेला मी मोबाइल घेऊन बसले आणि स्वरूपाचं पान उघडलं, आणि अंगठ्यानं वर सारत राहिले, सारत राहिले. भगर थंड झाली.

किती काढलं होतं तिनं! डाळजच्या बाजूला उजनीच्या पाण्यात उतरणारे ते लांब पायांचे गुलाबी पक्षी, जलरंगात, नुसते ओले डाग, पण डाग उडत होते. भवानीनगरच्या कारखान्याकडं निघालेल्या गाड्यांवर उसाच्या मोळ्यांत बसलेल्या बायांचे चेहरे, कोळशानं. मातीची मुंडकी. आणि मग ती पात्रं, तिच्या खेळातली. सात आसरा, विहिरीतल्या, सातींच्या पायांत सात तऱ्हेच्या माशांचे वाळे. गोफण घेऊन डाळिंबाची बाग राखणारा म्हसोबा, अंगावर शेंदराऐवजी तांबड्या साली. आसूडवाली पोतराज मुलगी, तीच ती पिशवीवरची. गजी नाचणारा धनगर, त्याच्या घोंगडीच्या आत अख्खं आभाळ. मी प्रत्येकात चूक शोधत होते. आसरेची बोटं फार लांब आहेत. म्हसोबाला असलं कुठं असतं. धनगर असा रुमाल बांधत नाहीत. एकेक चूक सापडली की छातीत थोडी जागा मोकळी व्हायची आणि पुढचं चित्र आलं की ती जागा पुन्हा भरून जायची, कारण चूक असूनही ते जिवंत होतं, आणि माझी गोपद्मं इतक्या वर्षांत एकदाही चालली नाहीत. शिवाय प्रत्येकाचा डावा डोळा. आसरांचा, म्हसोबाचा, धनगराचा. सगळ्यांना तीच जवाएवढी जागा.

ती जागा कशी आली ते सांगायला हवं. कळसच्या आमच्या घरात गौरी धान्याच्या कणग्यांवर उभ्या राहतात. मुखवटे शाडूचे, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, सासूच्या वेळचे. गौरी जायच्या दिवशी ओल्या कापसानं त्यांचे डोळे पुसायचे, म्हणजे वर्षभर दोघी आंधळ्या, कापडात गुंडाळून फळीवर. पुढच्या वर्षी जेवणाच्या दिवशी पहाटे थोरल्या सुनेनं नव्यानं डोळे काढायचे, घरच्या तुपाच्या काजळीनं, तुळशीच्या काडीनं, न बोलता. थोरल्या गौरीचे दोन्ही डोळे पुरे. धाकटीचा डावा मात्र कोपऱ्याला उघडा ठेवायचा. आत्याबाईंनी मला सांगितलं ते असं: "रेघ मिटली की तिला वाटतं हितलं काम झालं. न जेवता उठून जाती. आमच्या आजेसासूच्या हातनं एकदा मिटली, त्या साली घरातली दोन माणसं गेली. म्हून जेवण झाल्यावर मिटवायची. आन् हे थोरल्या सुनंशिवाय कुणाला सांगायचं न्हाय." दुपारी नैवेद्य दाखवून पडदा लावायचा, सगळ्यांनी बाहेर थांबायचं, गौरी जेवतात. मग सासू आणि थोरली सून, दोघींनीच आत जायचं आणि बोटानं ती रेघ मिटवायची. मग मौन सोडायचं. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर आत्याबाईंनी काडी माझ्या हातात दिली. त्या घरात मला मिळालेली तीच एक गोष्ट होती जी कुणी वाटून घेऊ शकत नव्हतं. मळा दिराकडं राहिला, स्वयंपाकघर धाकट्या जावेनं, अनितानं घेतलं, आम्ही नोकरीपायी बारामतीला आलो, मुलगा ऋषिराज शिकून बंगळूरला गेला. पण वर्षातून एका पहाटे दोन आंधळ्या बायांना मी दृष्टी द्यायची.

आणि एका वर्षी कणगीमागून दोन डोळे मला बघत होते. स्वरूपा, आठ वर्षांची, फ्रॉकला भुस्सा लागलेला. मौन असल्यानं मला रागावता येईना. खरं सांगायचं तर रागवायचंही नव्हतं. इतकी वर्षं मी ते काम करत होते आणि कुणी पाहिलं नव्हतं. मी तिला बोटानं खूण केली, काजळीचं ताम्हन तिच्या हातात दिलं. दहावीपर्यंत दर वर्षी ती ताम्हन धरून बसली. पोरीचा श्वास माझ्या कोपराला लागायचा. माझी काडी थांबली की तीही श्वास धरायची. तिला वाटायचं मी रेघ अर्धी सोडते ती माझी खोड आहे. एकदा बाहेर आल्यावर तिनं विचारलं होतं, "मोठी आई, तो एक डोळा तसाच का ठेवतेस?" मी म्हणाले होते, "असू दे तसाच." दुपारचं तिला माहीतच नव्हतं, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाच्या गर्दीत, नथ-बिंदी-फुलांच्या आड, जवाएवढी रेघ मिटली की उघडी, कोण बघतं. तेव्हा ते बरं वाटलं होतं, तिला माझी खोड वाटणं.

पंधरा दिवसांनी बारामतीतल्या एका कॉलेजात तिचं प्रदर्शन भरलं. यांनी नवा शर्ट घातला. अनिता पुढच्या रांगेत पैठणी नेसून, खुर्चीच्या कडेवर बसलेली, कुणीही बघितलं की उठायच्या तयारीत. मी दाराजवळ उभी राहिले. एकादशी होती, गर्दीत गरगरतं असं सांगितलं. माइकवर कुणीतरी विचारलं, या सगळ्या पात्रांचा एक डोळा अपुरा का? स्वरूपा हसली. लहान केस, कानात चांदीच्या बुगड्या, माझ्या आईच्या होत्या तशा, आता पोरी त्या बाजारातून विकत घेतात. म्हणाली, "ती माझी सही आहे. नाव लिहीत नाही मी चित्रावर. ती उघडी रेघ म्हणजे मी." टाळ्या वाजल्या. मी हात वर केले टाळीसाठी आणि ते तसेच पदराकडं गेले. घराचं नाव नाही, गौरीचं नाव नाही, माझं तर नाहीच. माझं नाव हवं होतं का मला? मी मलाच विचारलं. जपमाळ ओढणाऱ्या बाईला माइकवर नाव हवं होतं? हवं होतं. तिथं उभ्या उभ्या मला ते इतकं हवं होतं की तोंडाला पाणी सुटलं, उपासाच्या दिवशी शेजारच्या घरातून फोडणीचा वास आल्यावर सुटतं तसं. नंतर ती गर्दीतून वाट काढत आली, माझ्या पाया पडली, म्हणाली, "मोठी आई, पुढं का नाही आलीस? तुला किती शोधलं." तिच्या अंगाला रंगाचा वास होता. मी म्हणाले, "छान काढतेस हो," आणि माझा आवाज नेहमीसारखाच शेजारपर्यंत गेला नाही.

त्याच आठवड्यात आत्याबाईंचा फोन आला. डोळ्यांचं ऑपरेशन बिनसल्यापासून त्या फोनवर जास्तच मोठ्यानं बोलतात. "थोरले, ऐकतीस का? पोरीचं पेपरात आलंय, रामहरीनं वाचून दावलं. तिच्या हाताला देवानं दिलंय गं. औंदा गौराईचं डोळं तिला काढू दे. मला दिसत न्हाय, पर माझ्या घरात चांगलं डोळं काढल्यालं मला कळंल." मी म्हणाले, "बरं." "राग न्हाय ना आला?" "नाही, आत्याबाई." "मग समदं नीट समजावून सांग तिला. त्या रेघंचं बी. तुझ्याकडनंच जायाला पायजे ते." "सांगते," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर देवघरात बसले आणि एकशेआठ वेळा नाव घेतलं आणि प्रत्येक मण्याला एकच शब्द येत होता, चांगलं. चांगलं डोळं. तेवीस वर्षं मी काढत होते ते कसले होते मग?

सांगायला वेळ पुष्कळ होता. गौरी आवाहनाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही भवानीनगरला उतरलो, दीर रामहरी जीप घेऊन आले होते, स्वरूपा पुढच्या सीटवर. तासभराची वाट. दोन्ही बाजूंनी ऊस, मधेच एखादी डाळिंबाची बाग, झाडांवर जुन्या साड्या पांघरलेल्या. तेव्हा सांगता आलं असतं. पण पुरुषांसमोर कसं सांगायचं. संध्याकाळी गौरी आत आणताना, हळदीच्या पावलांवरून, सांगता आलं असतं. पण अनिता होती. रात्री जेवताना आत्याबाईंनी विचारलं, "सांगितलंस का?" मी म्हणाले, "उद्या पहाटे सांगते, काम करता करता." आणि पहाटे मी आधी आंघोळ केली. आंघोळ झाली की माझं मौन सुरू होतं. हे मला ठाऊक होतं. तांब्या डोक्यावर ओतताना ठाऊक होतं. पाणी थंड होतं आणि मी एकेक तांब्या सावकाश ओतला.

स्वरूपा न सांगता आंघोळ करून आली, केस पुसायचे राहिलेले. मी ताम्हन हातात घेतलं. हेही मला आधी सुचलं नव्हतं, की ताम्हन आता मी धरायचं. तिनं काडी काजळीत बुडवली, एकदा मनगट झटकलं आणि थोरलीचा उजवा डोळा काढला, एका दमात. मी काढायची तेव्हा तीनदा थांबायची, देवाचं नाव घ्यायची, हात कापायचा. तिचा नाही कापला. आणि डोळा असा उघडला की मी ताम्हनासकट मागं सरकले. माझ्या गौरी गोड दिसायच्या. सगळे म्हणायचे, गोड. ही गोड नव्हती. ही लांबून चालत आलेली बाई होती, भूक लागलेली, आणि घरात शिरल्या शिरल्या तिनं आम्हाला ओळखलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भक्तीचं आहे असं मी मला सांगितलं. मग धाकटी. उजवा झाला. डाव्याची वरची रेघ, मग खालची, आणि कोपऱ्यापाशी येऊन काडी थांबली. जवाएवढी जागा. तिनं माझ्याकडं पाहिलं, हसली, आणि हळू म्हणाली, "मोठी आई, हे माझ्या चित्रांत ठीक आहे गं. देवीवर आपली सही कशी करायची? तूही सोडायचीस ती तुझी होती, मी चोरली. इथं पुरा काढते डोळा. चालेल ना?"

चोरली, ती म्हणाली. कुणी मागितलं नव्हतं तरी तिनं कबूल केलं, इतक्या सहज, ओले केस खांद्यावर घेऊन. मंडईपासून मी जे छातीत सांभाळत होते ते तिनं दोन शब्दांत माझ्या हातात ठेवलं. तरी ते निवलं नाही. मला फक्त मान आडवी हलवायची होती. हात धरता आला असता. मौनात हात धरायला बंदी नाही, आत्याबाई स्वतः माझं मनगट धरायच्या सुरुवातीला. समईची ज्योत बारीक झाली होती. मी तिचा हात बघत होते, काडी धरलेली तीन बोटं, किती हलकी, आणि मनात एकदम स्पष्ट आलं, हिच्या हातून एकदा तरी चुकू दे. दोन माणसं गेली होती त्या साली, हेही आलं. तरीही मी मान उभी हलवली. हो. चालेल. तिनं रेघ मिटवली.

मग दिवस उजाडला आणि घर भरलं. पुरण शिजत होतं, सोळा भाज्या, कढीला फोडणी, शेजारपाजारच्या बाया गौरी बघायला येऊन तोंडावर हात ठेवत होत्या. "आगं बया, बघत्यात की खरंच!" "मी दारात आले तर माझ्याकडंच बघितलं!" अनिता पीठ लागलेल्या हातांनी फिरत होती. "आक्का, तुमचं मौन लई सोयीचं हाय बगा. सोळा भाज्या मलाच हाका मारत्यात, तुमाला एक बी मारत न्हाय." रामहरीभाऊजी ओसरीवरून ओरडले, "वहिनीचं मौन म्हंजे दादाची दिवाळी. दादा, आज जरा पाय पसरून बसा की!" हसले सगळे. मी पोळ्या लाटत होते. प्रत्येक पोळी लाटताना मला वाटायचं ती आता उठून गेली असेल, आत फक्त शाडू उभा आहे. घरात कुणी शिंकलं, कुणी ठेचकाळलं की माझं लाटणं थांबायचं. यांना ओसरीवर खोकला लागला तेव्हा मी पोळी तव्यावर जाळली. आणि या सगळ्या भीतीच्या खाली, खूप खाली, एक गार समाधान बसलं होतं, की तिचं चुकलंय आणि ते मला एकटीला माहीत आहे. त्या समाधानाला मी हाकलत नव्हते.

नैवेद्य झाला. पडदा लागला. बाहेर सगळे गप्प, लहानमोठे, कुणी पानाला हात लावत नव्हतं. मग आत्याबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "पोरीला बी घे आत. डोळं तिनं काढल्यात, तिनं बघायला पायजे." हे कधीच झालं नव्हतं. तिघी पडद्याआड गेलो. समया, पुरणाचा वास, वाफ. धाकटी समोर उभी होती, आणि मला वाटलं होतं तसं काही झालेलं नव्हतं, ती कुठं गेली नव्हती, दोन्ही पुऱ्या डोळ्यांनी ती सरळ माझ्याकडं बघत होती. आत्याबाई भिंतीला टेकल्या. "मिटव आता." मी काजळीत बोट बुडवलं. स्वरूपानं कुजबुजत विचारलं, "काय मिटवायचं, आजी?" "रेघ गं. मोठ्या आईनं सांगितलं न्हाय का? जेवूस्तवर तिचा डावा डोळा उघडा ठिवायचा असतो. मिटला तर न जेवता जाती. जेवली की थोरली सून मिटवती. म्हून तर ती आर्धी रेघ."

स्वरूपानं धाकटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. फार वेळ नाही पाहिलं. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, तो आला असता तर मला उभं राहता आलं असतं. तो आला नाही. तिला सगळं कळलं होतं, कधी आंघोळ केली, का केली, मान कशी हलवली, सगळं. "मिटव की," आत्याबाई म्हणाल्या. मी बोट नेलं. मिटलेल्या, वाळलेल्या रेघेच्या वर, न टेकवता, जवाएवढ्या अंतरात हवेत फिरवलं. "झालं का गं?" माझं मौन होतं, आणि आत्याबाईंना माझी मान दिसणार नव्हती. समई तडतडली. "झालं, आजी," स्वरूपा म्हणाली, अगदी साधेपणानं. "मोठ्या आईनं छान मिटवली."

आत्याबाईंनी हात जोडले, त्यांच्या बिनसलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "जेवली माझी बाय. सोड मौन आता, थोरले. आन् तूच सांग, पुढल्या साली कुणी काढायचं डोळं? पोरीनं का तू? तू म्हणशील तसं. तुझा मान हाय." मी तोंड उघडायच्या आधीच स्वरूपा म्हणाली, "मोठी आईच काढेल, आजी. माझा हात नाही तसा." आणि माझ्याकडं न बघता तिनं खाली वाकून नैवेद्याचं ताट उचललं. खोटं बोलणंही तिला एका दमात जमलं होतं, काडीसारखं, हात न कापता, आणि तिथंसुद्धा, त्या क्षणीसुद्धा, मला त्या हाताचा हेवा वाटला. "व्हय ना गं थोरले?" आत्याबाई विचारत होत्या. माझं मौन सुटलं होतं. मला "नाही" म्हणता आलं असतं. आत्याबाई वाट बघत होत्या, ताट घेऊन ती पडद्यापाशी उभी होती, आणि मी म्हणाले, "हो."